पिढीभेद आणि साहित्याचे अध्यापन : दलित आत्मकथनांच्या संदर्भात

महाविद्यालयातील अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील पिढीभेदाची चर्चा बहुधा वर्तनाच्या पातळीवर होते. विद्यार्थी वाचत नाहीत, ही अध्यापकांची तक्रार असते. अध्यापक जुन्याच टिपणांवरून शिकवतात, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप असतो. दोहोंत काही तथ्य असले, तरी त्यांतून या भेदाचे स्वरूप उलगडत नाही. साहित्याच्या वर्गात हा भेद मुख्यतः साहित्यकृतीशी असलेल्या कालिक नात्याचा असतो. एकाची समकालीनता हा दुसऱ्याचा इतिहास असतो.

पिढी म्हणजे केवळ समवयस्कांचा समूह नव्हे, हे कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले. घडणीच्या वयात वाट्याला आलेले ऐतिहासिक अनुभव पिढीला आकार देतात. परंतु एकाच पिढीतील भिन्न गट त्याच अनुभवाला भिन्न प्रतिसाद देतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. या मांडणीचे दोन्ही भाग मराठीच्या वर्गाला लागू पडतात.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६५ च्या सुमारास जन्मलेल्या अध्यापकाने आपल्या विद्यार्थिदशेत ही पुस्तके ताजी असताना वाचली. त्यांची बोली, त्यांचे कलामूल्य, त्यांना आत्मचरित्र म्हणावे की आत्मकथन, यांविषयीचे वाद त्याच्यासमोर चालू होते. या लेखनाची बाजू घेणे ही त्या काळी एक भूमिका होती. २००३ च्या सुमारास जन्मलेल्या विद्यार्थ्यापुढे मात्र तीच पुस्तके अभ्यासक्रमातील मान्यताप्राप्त ग्रंथ म्हणून येतात. त्याच्या जन्मापासून ‘बलुतं’ जितके मागे आहे, जवळजवळ तितकेच त्या अध्यापकाच्या जन्मापासून १९३९ चे ‘रणांगण’ मागे होते. अध्यापकाला जे बंड म्हणून आठवते, ते विद्यार्थ्याला परीक्षेतील प्रश्न म्हणून भेटते. विद्यार्थी हेलावत नाहीत असे अध्यापकाला वाटते, तेव्हा पुष्कळदा संवेदनेचा अभाव नसतो. त्या वादाचा संदर्भ त्यांना कोणी पुरवलेला नसतो.

तथापि येथेच मानहाइमच्या मांडणीचा दुसरा भाग ध्यानात घ्यावा लागतो. ‘आजचे विद्यार्थी’ हा एकजिनसी समूह नाही. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी आणि शिक्षकाच्या घरात वाढलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. एखाद्याला ‘उपरा’मधील बिऱ्हाडाची भटकंती आजीच्या तोंडून ऐकलेली असते, त्याच्या दृष्टीने हे पुस्तक इतिहासजमा झालेले नसते. अशा विद्यार्थ्याचे मौन हा पिढीचा दोष मानणे म्हणजे त्याच्या संकोचाची सामाजिक कारणे नजरेआड करणे होय. उघड वर्गात आपल्या घराविषयी बोलण्याची सक्ती त्याच्यावर होऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

अध्यापकवर्गही एकसंध नसतो. सेवानिवृत्तीजवळ आलेले अध्यापक आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण अध्यापक यांच्यात वयाचे अंतर असते, तसेच सेवेच्या स्थैर्याचेही असते. तरुण अध्यापक अनुभवाने विद्यार्थ्यांना जवळचा असतो. परंतु विभागाच्या निर्णयप्रक्रियेत त्याचा शब्द बहुधा क्षीण ठरतो. दोन पिढ्यांमधील स्वाभाविक दुवा अशा रीतीने दुर्बल राहतो.

यावरून अध्यापनाची एक दिशा सूचित होते. साहित्यकृतीबरोबर तिच्या स्वागताचा इतिहासही शिकवला गेला पाहिजे. तत्कालीन परीक्षणे व नियतकालिकांतील वाद विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास, मान्यता पावलेली कृती एके काळी वादग्रस्त का होती, हे त्यांना स्वतः तपासता येईल. त्याच वेळी, आज कोणते लेखन त्यांना तितकेच अस्वस्थ करते, हे विचारण्याची आणि त्याचे उत्तर अभ्यासविषय म्हणून स्वीकारण्याची तयारी अध्यापकाने ठेवावयास हवी. अन्यथा प्रबंधांचे विषय मागील पिढीच्या समकालीनतेपाशीच थांबतील आणि नव्या लेखनाला त्याचा जाणकार अभ्यासक योग्य वेळी लाभणार नाही. पिढीभेद नाहीसा करता येत नाही. मात्र तो अभ्यासाचे साधन होऊ शकतो.