रबर आधी म्हातारं होतं

मारुती ८००च्या इंजिनातला पिस्टन ६८.५ मिलिमीटर रुंद असतो. तो ७२ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. एका फेऱ्यात वीतभरही प्रवास होत नाही. पण हिशेब मांडून पाहा. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने धावली आणि इंजिन मिनिटाला सरासरी २००० फेरे घेत राहिलं, तर मीटरवर एक लाख किलोमीटर पडेपर्यंत त्यातला प्रत्येक पिस्टन ४३,००० किलोमीटर सरपटलेला असतो. विषुववृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा करायला ४०,०७५ किलोमीटर पुरतात. एवढ्या घासाघाशीनंतर सिलिंडरची भिंत किती झिजते? ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर मिलिमीटरचे काही शतांश. माणसाच्या केसाची जाडीही साधारण त्याच मापातली.

हे कळलं की जुन्या गाडीकडे बघायची नजर बदलते. मागून निळसर धूर येतोय, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल गायब होतंय, खड्ड्यात गेली की पुढून खडखड ऐकू येते. अशा गाडीबद्दल ‘इंजिन बसलं, गाडी खिळखिळी झाली, आता काढून टाका’ असं पटकन म्हटलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा पुष्कळ गाड्यांमधलं लोखंड अजून धडधाकट असतं. म्हातारं झालेलं असतं ते रबर.

मारुती ८०० उदाहरणाला घेतली ती मुद्दाम. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आजही तालुक्याच्या गावच्या गॅरेजात तिचं बॉनेट उघडलं की मिस्त्रीला पुस्तक बघावं लागत नाही.

आधी इंजिनात डोकावू. पिस्टनच्या खोबणींत तीन रिंगा असतात. वरच्या दोघी स्फोटाचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. सगळं मात्र नाही. एक थर मागे ठेवावाच लागतो आणि तो असतो जेमतेम काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांशांचा. भर पावसात भरधाव गाडीचं टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतं, तसंच इथे होतं: पिस्टन वेगात असला की रिंग ऑइलवर तरंगते आणि लोखंड लोखंडाला शिवतच नाही. अडचण होते ती दोन टोकांना. तिथे पिस्टनला थांबून उलटं वळावं लागतं. वेग शून्यावर आला की तरंगणंही संपतं, आणि वरच्या टोकाला तर नेमकी तीच वेळ स्फोटाच्या धगीची.

म्हणून जुन्या इंजिनाचं हेड उतरलं असेल तर सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवून बघावं. वरची रिंग जिथवर पोचते तिथे बारीकशी पायरी नखाला अडते. पायरीच्या वर रिंग कधी गेलीच नाही. ते लोखंड कारखान्यातून आलं तसंच आहे. थोडं खाली बघितलं तर चांगल्या राखलेल्या इंजिनात होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा अजून दिसतात. या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, ऑइल धरून ठेवायला. पृथ्वीप्रदक्षिणेएवढं घासलं गेल्यावरही त्या शाबूत आहेत हे बघताना मला दर वेळी थक्क व्हायला होतं.

आता त्या अर्ध्या लिटरकडे. वरच्याच वेगाने हजार किलोमीटर जायला २५ तास लागतात आणि त्यात ३० लाख फेरे होतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट, म्हणजे तीन सिलिंडर मिळून ४५ लाख स्फोट. ड्रॉपरमधून पडणारा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर त्या एका थेंबाचे साडेचारशे भाग करायचे आणि दर स्फोटाला एक भाग जाळायचा. आपण ‘इंजिन ऑइल पितंय’ म्हणतो ते एवढंसं पिणं असतं. म्हणूनच काही गाड्यांत धूर डोळ्याला दिसत नाही आणि ऑइल मात्र उतरत राहतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण तो ऑइलचा दाब बघतो, पातळी बघत नाही. तो पेटेपर्यंत बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असतं. जुन्या गाडीची डिपस्टिक आठवड्याला एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन थोडा वेळ बंद ठेवून बघायचीच. याला पर्याय नाही.

ऑइल जातं कुठून, हे कळल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये. धुराचा वेळ-काळ बघितला तर बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळ्या धुराचा एकच भपका येऊन बंद होतो का? चढाला, दाबून चालवताना सतत येतो का? तिसरी चाचणी आपल्याकडचे घाट फुकटात करून देतात. आंबा घाटातून साखरप्याच्या बाजूला उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर धरली जाते. तेव्हा हवेची वाट जवळपास बंद आणि पिस्टन मात्र ओढतोच आहे, त्यामुळे आत जोरदार शोष तयार होतो. खाली पोचून ॲक्सिलरेटर दाबला आणि मागच्या मोटारसायकलवाल्याला निळा ढग दिसला, तर संशय रिंगांवर घेऊ नका. तो शोष ऑइलला व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली खेचून घेत होता. (थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ नुसतं पाणी असते, काळा धूर पेट्रोल जास्त होत असल्याची खूण, त्यांचा ऑइलशी संबंध नाही.)

व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवायला असतो व्हॉल्व्ह सील. एक वापरलेला सील माझ्यासमोर टेबलावर आहे. करंगळीच्या पेरावर बसेल एवढा. धातूच्या कड्यात रबर, रबराला आतून एक धारदार ओठ, आणि तो ओठ दांड्याला चिकटून राहावा म्हणून वरून केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. नवा सील चिमटीत दाबला तर दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. हा दाबला तर प्लॅस्टिकसारखा कडक लागतो, आणि ओठाची धार गुळगुळीत, गोल झालेली आहे. बहुतेक मारुती ८०० गाड्यांमध्ये असे सहा सील असतात. किमतीने किरकोळ, पण ते कडक झाले की सगळा दोष इंजिनाच्या माथी जातो.

हे सील हेड न उतरवताही बदलता येतात. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडायला नको, एवढीच काळजी. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन तो वर धरता येतो. दुसरी युक्ती जुन्या मिस्त्रींची: त्याच भोकातून मऊ सुती दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं आणि इंजिन हाताने हळू फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून टेकू देतो. वरून निवांत काम करायचं, मग दोरी ओढून घ्यायची.

रबर असं का होतं? झाडाच्या चिकापासून मिळणारं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ. १८३९मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरच्या लक्षात आलं की गंधक मिसळून तापवलं तर ते लवचीकही राहतं आणि टिकाऊही होतं. १८४४मध्ये त्याला पेटंट मिळालं. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पूल मोजके असले की रबर ताणलं जातं आणि परत येतं. पण ही रसायनक्रिया कारखान्यात पुरती थांबत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षं काम करत राहतात. कुठे नवे पूल पडतात, कुठे साखळ्याच तुटतात. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. सिलिंडर हेडच्या आत शंभर अंशांच्या पुढे राहणाऱ्या सीलसाठी एका वर्षाचा अर्थ किती वेगळा असेल, बघा. सील बनतात ते ऑइल आणि उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे. तरीही काळ त्यांना सोडत नाही. गाडी नुसती उभी ठेवली म्हणून रबर तरुण राहत नाही. ‘वीस वर्षांत फक्त तीस हजार चालली आहे’ अशी जाहिरात वाचली की लोखंडाबद्दल आनंद मानावा आणि रबराचा खर्च बाजूला काढून ठेवावा.

खडखड येते तिथेही हीच कथा आहे. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तो बुशमधून. बुश म्हणजे लोखंडी नळीत लोखंडी नळी आणि मधे दोघींना घट्ट चिकटलेलं रबर. इथे घसरणारं काहीच नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. खड्ड्याखड्ड्याला हे चालू. त्याला ग्रीस नको, ऑइल तर नकोच नको. पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पत्र्याला त्याचा फायदा होत असेल, पण नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. फवारणी करायचीच तर बुश झाकून करायला सांगावं. फाटत चाललेला बुश बॅटरीच्या उजेडात नीट बघा: भेगा वाट्टेल तशा नसतात. ताण ज्या दिशेने, त्याला आडव्या जातात. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरालाच आधी चिरतो, म्हणून.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवाकोरा बुश लवकर फाटतो. बोल्ट नुसते लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मगच शेवटचा पान्हा मारायचा. मिस्त्रीला हे आपण हक्काने सांगावं.

पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवायची मारुतीतली रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. त्याने ती शेव्हरलेच्या ‘कॅडेट’ नावाच्या छोट्या गाडीच्या कामात आखली. १९४७मध्ये ती गाडी रद्द झाली, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि जगभरच्या छोट्या गाड्यांना स्वस्त, आटोपशीर सस्पेन्शन मिळालं. स्प्रिंग धक्का साठवते. पण तेवढंच असतं तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ हिंदकळत राहिली असती. ती उसळी मारून टाकायचं काम शॉकअपचं. आतला दट्ट्या बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि उसळीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्याआल्या शॉकअपला हात लावून पाहिला तर तो कोमट लागतो; रस्त्याचे धक्के आपल्या पाठीला न बसता तिथे जिरले आहेत. त्याचं तेलही एका रबरी सीलनेच कोंडलेलं असतं. दांड्यावरचं धूळ-कव्हर फाटलं की चिखलाचे कण दांड्याला ओरखडे पाडतात, ओरखडे सीलचा ओठ कापतात, आणि शॉकअप बाहेरून ओला दिसू लागतो. टायरवरून तळहात फिरवला आणि उंचवटे-खोलगटे हाताला लागले, तर शॉकअप केव्हाच संपले असण्याची शक्यता मोठी.

तेव्हा जुनी गाडी हाती घेतली की माझा क्रम ठरलेला: आधी बुश, शॉकअप, माउंटिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि व्हॉल्व्ह सील. जाड ऑइल घालून दिवस काढायचा सल्ला मिळतो. त्याने गळती आणि धूर थोडा दबतो, पण थंड इंजिनाला सकाळी ऑइल उशिरा पोचतं. तात्पुरतं म्हणून ठीक. एवढं करूनही चढाला धूर येतच राहिला तर कॉम्प्रेशन मोजावं. मग आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगांमधून गळती आहे हे नक्की. तरीही घाई नको. ऑइलच्या रिंगेची बारीक भोकं कार्बनने बुजून ती नुसती चिकटलेली असू शकते; कार्बन विरघळवणारं द्रव प्लगच्या भोकातून सोडून रात्रभर ठेवावं आणि मग ऑइल बदलून बघावं.

त्यानंतर मात्र लोखंडाची पाळी. सिलिंडर थोडा रुंद करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घालता येतात. लेथवाल्याकडून होनिंगच्या तिरक्या रेघा नव्याने पाडून आणायच्या, नाहीतर ऑइल भिंतीवर ठरत नाही. नव्या रिंगा बसल्या म्हणून गाडी फार जपून, नाजूकपणे चालवायचा मोह होतो, तो टाळावा. रिंगेचा स्वतःचा ताण थोडा असतो. तिला भिंतीवर खरी दाबतो तो स्फोटाचा वायू, जो तिच्या मागच्या खोबणीत शिरतो. त्यासाठी इंजिनाला बेताचं ओझं द्यावं लागतं: वेग बदलता ठेवायचा, मधूनमधून चढ घ्यायचे, पण रेटायची नाही. या दिवसांत डिपस्टिक रोज बघायची. सुरुवातीला पातळी थोडी उतरते, कारण रिंगा आणि भिंत एकमेकांना घासून जागा करून घेत असतात. उतरणं थांबलं की रिंगा बसल्या. मग पहिलं ऑइल आणि फिल्टर काढून टाकून नवं भरायचं.