मोत्याचा कान

मंडळी, आज एका लहान कुत्र्याच्या कानाची हकीगत सांगतो. तुम्ही म्हणाल, "कुत्र्याच्या कानात सांगण्यासारखं काय आहे?" पण ऐका तर खरे. गोष्ट कुत्र्याची असली तरी शिकायचे ते आपण माणसांनी आहे.

मुंबईत अंधेरीच्या पूर्वेला मरोळ आहे. आता तिथे उंच इमारती झाल्या, मेट्रो आली. पण जुने गावठाण अजून आहे, आणि सुक्या मासळीचा बाजारही आहे. आमच्या आळीतल्या एक मावशी त्या बाजारात बोंबील आणि सुकट विकतात. त्यांचा कुत्रा म्हणजे मोत्या. अंगाने मांजराहून थोडा मोठा. दाट पांढरे केस आणि लोंबते कान.

एका पावसाळ्यात मोत्या कान खाजवू लागला. सारखी मान झटकायचा. कानातून आंबूस वास येऊ लागला. आत तपकिरी मळ साचला. मग पंजे चाटणे सुरू झाले. पोटावर लाल चट्टे उठले, काखेतले केस गळले. रात्रभर पायाने खर-खर खाजवायचा. घरात कोणाला झोप नाही.

मावशींनी उपाय केले. कोणी सांगितले, कानात गरम तेल घाला. घातले. कोणी सांगितले, माणसाच्या खरजेचे मलम लावा. लावले. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. आठ दिवस बरे वाटायचे, नवव्या दिवशी पुन्हा तेच. असे एक वर्ष गेले. पैसे गेले ते वेगळेच.

शेवटी शेजारीपाजारी म्हणू लागले, "लूत लागली आहे त्याला. मुलाबाळांना लागेल. आरेच्या जंगलात सोडून या." मावशी माझ्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "गुरुजी, सात वर्षांचा नातू त्याच्याशिवाय जेवत नाही. काय करू हो मी?"

मी म्हणालो, "मावशी, आरेत बिबटे आहेत. घरात वाढलेला एवढासा जीव तिथे एक रात्र काढणार नाही. शिवाय पाळलेले जनावर असे उपाशी मरायला टाकून देणे हा गुन्हा आहे. 1960 सालचा तसा कायदाच आहे. आपण आधी दुखणे काय ते तरी शोधू."

कान वाकडा असतो

आम्ही मोत्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी लगेच औषध दिले नाही. आधी बॅटरीच्या यंत्राने कानात पाहिले. मग एक चित्र काढून दाखवले.

आपल्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची तशी नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. नळवाले ज्याला एल्बो म्हणतात, तशी. म्हणून वरून पुसलेला कान स्वच्छ दिसतो, पण खाली वळणावर मळ तसाच राहतो. कान लोंबता असला तर आत वारा खेळत नाही. पावसाळ्यात तर आतून दमटच असतो. ओल्या भिंतीवर बुरशी येते, तसेच तिथे होते.

डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने थोडा मळ काढला. काचेच्या पट्टीवर पसरला. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला. मग चट्ट्याजवळची कातडी थोडी खरवडली आणि तीही पाहिली. लूत आणणारे किडे सापडले नाहीत. बुरशी मात्र भरपूर होती.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे बुरशीचं औषध द्या, झालं!"

डॉक्टर हसले. "औषध देतो. पण ही बुरशी प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडी असतेच. कातडी आजारली की ती माजते. तिला मारली तरी कातडी आजारीच राहिली, तर ती पुन्हा येणार. कातडी कशामुळे आजारली ते शोधायला हवे."

मंडळी, म्हणतात ना, रोग म्हशीला आणि औषध पखालीला! वर्षभर आपले तेच चालले होते.

खाज एक, कारणे अनेक

ताप आला म्हणून हिवतापच असेल असे नाही. तसेच खाजेचे आहे. डॉक्टरांनी सांगितलेली कारणे मी वहीत उतरून घेतली. ती अशी:

कानात बारीक किडे होतात. तेव्हा कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसतो. पिल्लांमध्ये हे जास्त.

पिसवा चावतात. काही कुत्र्यांना पिसवेची लाळ सोसत नाही. मग दोन-चार पिसवा चावल्या तरी शेपटीच्या मुळाशी कातडी सोलून निघते.

खरजेचे किडे कातडीत घर करतात. कानाच्या कडा आणि कोपरे यांवर खपल्या धरतात. हा रोग माणसालाही लागतो. गजकर्णही लागते.

गवताचे कुसळ कानात शिरते. मग एकच कान अचानक दुखू लागतो.

आणि काही कुत्र्यांना खाण्यातली एखादी वस्तू किंवा घरातली धूळ सोसत नाही. अशा कुत्र्याचे कान, पंजे आणि पोट खाजते. हे कारण ओळखायला सर्वांत अवघड, कारण ते यंत्राखाली दिसत नाही. एकेक कारण वगळत जावे लागते.

मावशींची वही

डॉक्टर म्हणाले, "रोज लिहून ठेवा. काय खाल्ले, किती खाजवले, काय औषध दिले."

मावशी गप्प झाल्या. त्या नुकत्याच साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मला जमेल का, गुरुजी?" मी म्हणालो, "तुम्हाला रात्री जाग येते, मला येत नाही. तुम्हीच लिहायला हवे."

त्यांनी लिहिले. मोठी अक्षरे, वेडीवाकडी. "सोमवार. भात, बोंबील. रात्री चार वेळा खाजवले." "मंगळवार. पाऊस. पंजे चाटले." रोज एक ओळ.

पहिला महिना पिसवांचा. मोत्याला औषध लावले. पण पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत, घरात गळून पडतात. म्हणून दर आठवड्याला गोधड्या गरम पाण्यात धुतल्या, कानेकोपरे झाडले. कानात बुरशीचे औषध चालू होते. ते वास गेल्यावरही बंद केले नाही. डॉक्टरांनी पुन्हा मळ तपासून थांबा म्हटल्यावरच थांबवले. कान सुधारला. खाज थोडी कमी झाली, पण गेली नाही.

मग खाण्याची परीक्षा. मोत्याने पूर्वी कधी न खाल्लेले अन्न द्यायचे, दुसरे काही नाही. तेही पुरते आठ आठवडे. मोत्याला कोंबडी, मासळी, भात, दूध, बिस्किटे सर्व माहीत होते. म्हणून थोडे बकऱ्याचे मटण आणि उकडलेले रताळे ठरले. कुत्रा लहान, म्हणून खर्च झेपला.

तिसऱ्या आठवड्यात खाज एकदम वाढली. मावशी निराश झाल्या. पण वही चाळली तर नातवाच्या हातची एक ओळ सापडली: "मी मोत्याला कोंबडीचा तुकडा दिला. आजीला सांगू नका." पोरगा खरे लिहून बसला होता! त्याला कोणी रागावले नाही. परीक्षा नव्याने सुरू केली.

आठ आठवडे संपले तेव्हा वहीत रात्री चार वेळांच्या जागी एक वेळ लिहिले जात होते. मग डॉक्टरांनी सांगून पुन्हा कोंबडी दिली. पाचव्या दिवशी पोट लाल झाले. चोर सापडला. बोंबील, भात एकेक करून दिले, त्याने काही झाले नाही.

मोत्या आता पूर्ण बरा झाला का? नाही. पावसाळ्यात अजून थोडा खाजवतो. धुळीचाही काही त्रास असावा, असे डॉक्टर म्हणतात. पण कान वाहत नाही, केस परत आले, घरात झोप आहे. काही दुखणी मुळासकट जात नाहीत, आटोक्यात ठेवावी लागतात. मधुमेहाचे माणूस नाही का सांभाळून जगत?

हे करू नका

कानात काडी घालू नका. मळ आणखी आत जातो. डॉक्टरांनी दिलेले पाणी कानात घालावे, कानाच्या मुळाशी हलके चोळावे, कुत्र्याला मान झटकू द्यावी, आणि बोटावर कापूस घेऊन वरचा मळ पुसावा.

न तपासता कानात थेंब घालू नका. आतला पडदा फाटला असेल तर काही औषधांनी कुत्रा बहिरा होतो.

अंगाला रॉकेल, जळके ऑइल, फिनेल किंवा शेतावरचे कीटकनाशक लावू नका. कुत्रे अंग चाटते. विष पोटात जाते.

गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला देऊ नका.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला किंवा कानाची पाळी फुगली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात माणसांनाही खाज सुटली तर आपल्याही डॉक्टरांना दाखवा.

दुखऱ्या कानाला हात लावला तर शहाणे कुत्रेही चावते. चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. कुत्र्याला दर वर्षी पिसाळीची लस टोचून घ्या.

मुंबईत परळला जनावरांचे जुने इस्पितळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने ते ओळखले जाते. तिथेच 1886 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मरोळहून रिक्षा सायनपर्यंतच जाते, पुढे टॅक्सी करावी लागते. खेड्यात असाल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

आणि जाताना वही न्या. मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. ते आपण पाहायचे आणि लिहून ठेवायचे. मावशी परवा म्हणाल्या, "गुरुजी, वर्गात मी सही करण्यापुरतं शिकायला आले होते. पण मोत्याला त्या अक्षरांनीच वाचवलं."