वाचून दाखवलेली फिर्याद

तोंडी फिर्याद लिहून झाली की ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि मगच त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं बंधनच घालतं. गर्दीच्या ठाण्यात हे वाचन बरेचदा घाईत उरकलं जातं. विदर्भातल्या एका ठाण्यात मात्र ते मी नीट झालेलं पाहिलं, तेही मसुदा यंत्राने लिहिलेला असताना.

विहिरीवरची मोटार रात्री चोरीला गेली म्हणून एक वयस्कर शेतकरी आले होते. वऱ्हाडीत, मागचं पुढे करत ते सांगत होते आणि टेबलावरचा फोन रेकॉर्ड करत होता. त्यांचं सांगणं संपलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर ठाण्याच्या भाषेतला मसुदा उमटला. तारीख, वेळ, मोटारीचं वर्णन, अंदाजे किंमत, सगळं जागच्या जागी. एरवी एवढ्याला तासभर सहज जातो आणि बाहेर बाकावर माणसं ताटकळतात. हा वाचलेला वेळ खरा आहे. त्याला नाक मुरडणाऱ्याने एकदा त्या बाकावर बसून पाहावं.

मग सहायक फौजदारांनी मोठ्याने वाचायला घेतलं. ‘पळून जाणाऱ्या इसमास मी ओळखले,’ हे वाक्य आलं आणि बाबांनी हात वर केला.

“म्या असं नाई म्हटलं, साहेब. पाठमोरा होता, अंधार होता. वळखीच्यासारखा वाटला, इतकंच बोल्लो.”

रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं. बाबांचंच बरोबर होतं. फौजदारांनी वाक्य बदललं: ‘अंधार असल्याने खात्रीने सांगता येत नाही.’ पहिल्या मसुद्याची प्रिंट काढून दुरुस्तीच्या जागी सही-तारीख केली आणि तो कागदही फाइलला लावला. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

यंत्राने अडखळतं बोलणं सरळ केलं आणि सरळ करताना त्यातली शंका गाळली. त्या एका वाक्यावर गावातला एखादा पोरगा लॉकअपमध्ये गेला असता.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, वेगळ्या यंत्रामुळे, असंच घडलं. तिथल्या घड्याळांच्या दुकानात २०१८ साली चोरी झाली. सीसीटीव्हीतलं अंधुक चित्र चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेत घातलं, तेव्हा रॉबर्ट विल्यम्स यांच्या वाहन परवान्यावरचा जुना फोटो पुढे आला. यंत्रणेने सुचवलं होतं फक्त साम्य. पुढे तो फोटो इतर फोटोंबरोबर ज्या महिलेला ओळख पटवायला दाखवला, तिनेही चोरी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, फक्त चित्रण पाहिलं होतं. जानेवारी २०२० मध्ये विल्यम्स यांना पत्नी आणि मुलींसमोर बेड्या घातल्या, सुमारे तीस तास कोठडीत ठेवलं. माणूस निर्दोष होता. त्यांच्या दाव्यातल्या २०२४ च्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांनी मान्य केलं की निव्वळ अशा जुळणीवर अटक करायची नाही. त्या जुळणीतून आलेला फोटो स्वतंत्र पुराव्याशिवाय साक्षीदारापुढे ओळखीसाठी ठेवायचाही नाही. मला यातला दुसरा नियम जास्त मोलाचा वाटतो, कारण यंत्राचा अंदाज साक्षीदाराच्या तोंडून आला की तो अंदाज होता हे कोणालाच दिसत नाही.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी उभी केली. ही साधनं येणार, आणि मनुष्यबळ अपुरं असलेल्या ठाण्यांत ती यायलाही हवीत. पण दोषारोपपत्राबरोबर आरोपीला ज्या नकला मिळतात, त्यांत मूळ रेकॉर्डिंग, यंत्राचा पहिला मसुदा आणि अधिकाऱ्याने सही करून केलेल्या दुरुस्त्या या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. हे एखाद्या फौजदाराच्या चांगुलपणावर सोडू नये. पोलीस महासंचालकांनी तसं परिपत्रक काढावं, म्हणजे उलटतपासणीत वकिलाला विचारता येईल की हे वाक्य साक्षीदाराचं की यंत्राचं.