शीड गुंडाळण्याआधी तारेचे माप

पावसाळा तोंडावर आला की मुंबई आणि गोव्यातील हौशी शिडाच्या नौका पाण्याबाहेर काढल्या जातात आणि किनाऱ्यावर डागडुजीचा हंगाम सुरू होतो. या मुक्कामात काही नौकामालक पुढचे शीड गुंडाळणारे उपकरण, म्हणजेच ‘फर्लर’, बसवून घेतात. फर्लर नसलेल्या नौकेवर वाऱ्याचा जोरदार झोत आला की कोणा एकाला हेलकावणाऱ्या नौकेच्या टोकापर्यंत रांगत जाऊन शीड खाली ओढावे लागते. फर्लर असल्यास सुकाणूजवळ बसून दोरी ओढली की शीड पुढच्या तारेभोवती गुंडाळले जाते. उतारवयात किंवा एकट्याने नौकानयन करणाऱ्यांच्या दृष्टीने ही केवळ सोय नव्हे, तर सुरक्षितता आहे. मात्र हे उपकरण ज्या तारेवर बसते, ती तार मोजताना झालेली हयगय थेट डोलकाठीवर बेतू शकते.

आधुनिक नौकेची डोलकाठी बहुधा स्वतःच्या बळावर उभी नसते. पुढून ‘फोरस्टे’, मागून ‘बॅकस्टे’ आणि दोन्ही बाजूंनी ‘श्राउड’ अशा पोलादी तारा तिला चहूकडून ताणून धरतात. कोकणातील पारंपरिक मचव्याची काठी दोरांनी बांधलेली असे; दोर सैल वाटला की खलाशी तो पुन्हा आवळत. पोलादी तारेला ही सवलत नाही. ती कापून, टोकांना जोडण्या दाबून बसवून तयार होते आणि एकदा आखूड कापली गेली की वाया जाते.

डोलकाठी गमावणे म्हणजे काय, हे सप्टेंबर २०१८ मध्ये अवघ्या देशाने अनुभवले. गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली नौका एकट्याने हाकत होते. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’तून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचीच ही प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ उलटली, तिच्या दोन्ही डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. तो घाला अर्थातच वादळाचा होता, मापातल्या चुकीचा नव्हे. परंतु काठी पडल्यावर नौका किती असहाय होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

फर्लरचे मुख्य अंग म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पोकळ पट्टी. ती फोरस्टेवर नळीसारखी चढते आणि शिडाची पुढची कड तिच्या खाचेत सरकवली जाते. खाली दोरी गुंडाळण्याचे पिंप आणि वर फिरती कडी असते. याचा अर्थ असा की फर्लर बसल्यावर फोरस्टे जवळजवळ संपूर्णपणे दृष्टीआड होते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणूनच ती मोजण्याची आणि पारखण्याची खरी वेळ ही एकच.

प्रथम जाडी. ही तार साधारणतः १९ तंतूंची असते. मध्ये एक, त्याभोवती सहा आणि बाहेर बारा. जाडी साध्या पट्टीने नव्हे, व्हर्नियर कॅलिपरने आणि दोन-तीन ठिकाणी मोजावी. युरोपीय नौकेवर ६ मिलिमीटरची तार असेल, तर अमेरिकी नौकेवर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. पण एका मापाची जोडणी दुसऱ्या मापाच्या तारेवर नीट बसत नाही. तीच गोष्ट पिनांची. १२ मिलिमीटरची पिन अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या छिद्रात सहज जाते आणि काम झाल्यासारखे वाटते. पुढे ती तिथे खेळत राहते आणि छिद्र झिजवते.

दुसरे माप लांबीचे आणि तेच सर्वांत फसवे. ती वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत धरतात. पोलादी टेप शीड चढवण्याच्या दोराला बांधून वर ओढता येतो. टेप वर अडकू नये म्हणून त्याला खाली ओढणारी दुसरी दोरीही बांधावी. पण दोराची कप्पी आणि तारेची पिन एकाच जागी नसतात, ते अंतर वर चढूनच मोजावे लागते. वाऱ्याने टेपला पोक आला तर आकडा वाढतो. त्यापेक्षा काठी दुसऱ्या दोरांनी पुढे बांधून घ्यावी, तार उतरवावी आणि जमिनीवर सरळ ताणून मोजावी. मात्र उतरवण्याआधी टर्नबकलचे आटे दोन्हीकडे किती उघडे होते, हे लिहून ठेवलेच पाहिजे. नवी तार टर्नबकल मध्यावर असताना बसेल अशी कापतात, म्हणजे पुढे आवळायला आणि सैल करायला दोन्हीकडे वाव राहतो.

काठीचा मागचा कल हा आणखी एक घटक. पिन काठीवर १२ मीटर उंच आणि काठीपासून नौकेच्या टोकाचे अंतर ४ मीटर असेल, तर तारेची लांबी सुमारे १२.६५ मीटर येते. काठीचे टोक केवळ १० सेंटिमीटर मागे झुकले, की ती १२.६८ होते. तीन सेंटिमीटर! कल न तपासता घेतलेल्या मापात टर्नबकलची बरीच हालचाल खर्ची पडते, ती अशी. आणि परदेशातून मागवलेला भाग चुकला तर हंगामाचे आठवडे वाया जातात, ते वेगळेच.

मोजमापाइतकीच पारख महत्त्वाची. गंजरोधक पोलादाला हवेतील प्राणवायूमुळे संरक्षक थर लाभतो. जोडणीच्या आत खारे पाणी साचले की तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि गंज आतून लागतो. म्हणून तोंडाशी तपकिरी डाग, बारीक भेग किंवा तुटलेला एखादा तंतू दिसला, तर तार बदलावी. दहा वर्षांनी तारा बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्या उष्ण, खारट किनाऱ्यावर तेवढी वाट न पाहिलेली बरी. जुन्या तारेवर नवा फर्लर चढवणे ही बचत खोटी आहे.

नवी तार लावताना दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी हलणारा सांधा हवा. गुंडाळलेले शीड वाऱ्यात हेलकावे खाते. सांधा नसेल तर तो बाक जोडणीलाच सोसावा लागतो. वरचा दोरही तारेशी समांतर असून चालत नाही, ८ ते १० अंशांचा कोन असावा. अन्यथा शीड गुंडाळताना दोर पट्टीभोवती आवळला जातो. अशा वेळी यंत्राने जोर लावणारे काही महाभाग आढळतात. त्या जोराने आतल्या तारेचा पीळ उकलू शकतो.

ताणाचे मापही टेपनेच घेता येते. सैल तारेवर दोन मीटरची खूण करावी आणि मग ती आवळावी. खुणांमधील अंतर एक मिलिमीटर वाढले, की तुटण्याच्या भाराच्या सुमारे पाच टक्के ताण आला असे समजावे. तीन मिलिमीटर म्हणजे पंधरा टक्के. ही नोंद पट्टी चढवण्यापूर्वीच करावी, नंतर खुणा दिसत नाहीत. पहिल्या सफरीनंतर नवी तार थोडी बसते, तेव्हा टर्नबकल पुन्हा पाहून, आवश्यक तर आवळून, त्याच्या खिट्ट्या वाकवून चिकटपट्टीने झाकून घ्याव्यात.