वार्धक्यात मेंदू का धुमसतो?

मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया झाला की पंचाहत्तरी ओलांडलेली व्यक्ती कधी कधी एकाएकी असंबद्ध बोलू लागते, दिवसरात्रीचे भान हरपते. 'आता वयच झाले' असे म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'डिलिरियम' म्हणतात. आजार शरीरात अन्यत्र असताना मेंदू का बिघडावा? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा दाहकारक जनुकांच्या नियंत्रणात सापडतो.

मेंदूत 'मायक्रोग्लिया' नावाच्या पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे वर्णन केले. धोक्याची चाहूल लागताच या पेशी दाह निर्माण करणारी जनुके कार्यान्वित करतात. त्यांची मुख्य कळ म्हणजे 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन. रंजन सेन आणि नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये त्याचा शोध लावला. एरवी 'आय-कप्पा-बी' हे दुसरे प्रथिन त्याला पेशीच्या केंद्रकाबाहेर जखडून ठेवते. धोक्याचा संदेश येताच हे बंधन नष्ट होते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि 'टीएनएफ', 'इंटरल्युकिन-६' अशा दाहकारक प्रथिनांची निर्मिती सुरू होते. त्याच वेळी ते आय-कप्पा-बीचे जनुकही जागे करते. म्हणजे आग पेटवतानाच ती विझवण्याचीही तजवीज होते.

वयोमानानुसार हा तोल ढळतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये उंदरांच्या मेंदूतील ६,३४७ जनुकांची पाहणी प्रसिद्ध केली. वृद्ध उंदरांत दाहाशी निगडित जनुके अधिक सक्रिय आढळली. कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांत हा बदल सौम्य होता. मायक्रोग्लियांना आवर घालणारे चेतापेशींचे संदेशही वयाबरोबर क्षीण होतात. परिणामी हे पहारेकरी सदैव अर्धवट सावध राहतात आणि लहानशा निमित्तानेही भडकतात. इलिनॉय विद्यापीठातील २००५ च्या प्रयोगात जिवाणूंच्या आवरणातील पदार्थ उंदरांना टोचण्यात आला, तेव्हा वृद्ध उंदरांच्या मेंदूतील दाह तरुणांपेक्षा तीव्र होता आणि त्यांची मरगळही अधिक काळ टिकली.

मग दाहशामक गोळ्या घ्याव्यात का? उत्तर तितके सोपे नाही. नॅप्रोक्सेन व सेलेकॉक्सिब या औषधांनी अल्झायमर टळतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकी चाचणीत औषधे देणे २००४ मध्ये थांबवण्यात आले आणि त्यांचा अपेक्षित लाभ दिसला नाही. शिवाय संसर्गाशी लढण्यासाठी काही प्रमाणात दाह आवश्यकच असतो.

यातून घ्यावयाचा बोध व्यवहारी आहे. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. अचानक उद्भवलेला गोंधळ हेच त्याचे पहिले लक्षण असू शकते. औषधांचे दुष्परिणाम वा शरीरातील पाणी कमी होणे हीदेखील त्याची कारणे असतात. यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहेत. म्हणूनच काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला असा बदल वयाच्या खात्यावर न टाकता डॉक्टरांना त्वरित दाखवणे हिताचे ठरते.