गुळाचे नवे पॅकिंग: आधी छोटी चाचणी, मग गुंतवणूक

गुऱ्हाळावरील गूळ मोठ्या रव्यांत बाजार समितीत पाठवण्याऐवजी १ किलोची ढेप, लहान वड्या किंवा पावडर करून थेट ग्राहकांना विकण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. मात्र साचे, ड्रायर आणि छापील पाकिटांवर खर्च केल्यानंतर माल पडून राहिला, तर पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते आणि भांडवल अडकते. त्यामुळे ग्राहकाला नेमके काय हवे, हे आधी थोड्या मालावर तपासावे.

‘असा गूळ घ्याल का?’ असे विचारले, तर बरेच जण भिडेखातर ‘हो’ म्हणतात. खरे उत्तर पैसे मोजताना मिळते.

चाचणी कशी घ्यावी?

• एका वेळी एकच फरक ठेवावा. एकाच काहिलीतील गूळ निम्मा ढेपेत, निम्मा वड्यांत भरावा. प्रतिकिलो दर सारखाच ठेवावा. दरही बदलला, तर ग्राहकाने वडी पाहून घेतली की दर पाहून, हे कळत नाही.
• दोन्ही प्रकार प्रत्येकी २० किलो घेऊन एकाच आठवडी बाजारात, शेजारी शेजारी, सलग चार आठवडे मांडावेत.
• पाकीट साधे चालेल. पण एफएसएसएआय नोंदणी, वजन आणि उत्पादनाची तारीख हवीच.
• ‘गूळ कशासाठी नेता?’ हे प्रत्येकाला विचारून वहीत लिहावे. रोजच्या चहासाठी गूळ फोडण्याचा कंटाळा असणाऱ्याला वडी सोयीची; पुरणपोळीसाठी नेणाऱ्याला ढेप पुरते.

रंगाची चाचणी

हायड्रॉस न वापरता केलेला गूळ गडद दिसतो, तर पिवळा गूळ चांगला असा अनेकांचा समज असतो. असा गडद गूळ एका आठवड्यात नुसता, पुढच्या आठवड्यात माहितीचा फलक लावून विकावा. असे आलटूनपालटून चार आठवडे केल्यास फलकाचा उपयोग होतो का, ते दिसेल.

निर्णय कधी घ्यावा?

पहिली खरेदी कुतूहलापोटी होते. गरज कळते ती दुसऱ्या खरेदीतून. म्हणून किती ग्राहक परत आले तर साचे घ्यायचे, हा आकडा चाचणीपूर्वीच ठरवून लिहून ठेवावा. तेवढे ग्राहक परत आले नाहीत, तर नुकसान ४० किलो गुळापुरतेच राहते. हंगाम हातात असतो आणि पुढची चाचणी घेता येते.