आपल्याच द्राक्षांची वाईन, आपल्याच ताटासोबत

छाटणी कधी घ्यायची, भुरीवर काय फवारायचं, मण्यात साखर किती उतरली, हे दिंडोरी-निफाडकडचा बागायतदार झोपेतसुद्धा सांगेल. पण वाईनसाठी दिलेल्या द्राक्षांची वाईन लागते कशी, असं विचारलं की बहुतेक जण हसून विषय बदलतात. माल गाडीत चढला, काटा झाला, की आपलं काम संपलं अशी आपली समजूत. वाईनच्या द्राक्षाची शेवटची परीक्षा मात्र जिभेवर होते, आणि ती परीक्षा आपल्यालाही घेता आली पाहिजे.

याला कारण आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. विंचूरला वाईन पार्क झाला, लागवडी वाढल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली आणि अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. वाईनचं द्राक्ष खाण्याच्या बाजारात चालत नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. वायनरीनं पाठ फिरवली की दुसरं गिऱ्हाईक नाही. मग ते एकमेव गिऱ्हाईक कशाला चांगलं म्हणतं, हे आपल्याला कळायला नको?

चव पाहावी कशी?

त्यासाठी इंग्रजी पुस्तक लागत नाही. ग्लासात तीन-चार बोटं वाईन घ्या, ग्लास हलकेच फिरवा, वास घ्या, मग लहान घोट तोंडात घोळवा. चार गोष्टी पाहा: वास कशाचा, आंबट किती, गोड किती, तुरट किती.

मध्यंतरी ओळखीच्या पाच-सहा बागायतदारांनी रात्रीच्या जेवणासोबत असा प्रयोग केला. चेनिन ब्लँक हुंगून एकजण म्हणाला, ‘पिकलेला पेरू!’ दुसऱ्याला खरबूज आठवलं. सोव्हिनॉन ब्लँकला ‘हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतोय’ असं एक आजोबा म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होतं. शिराझ घेतल्यावर ‘जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढते तशी ओढली’ असं एका काकूंनी सांगितलं. तिला जाणकार टॅनिन म्हणतात. ते साल आणि बियांतून उतरतं. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते जास्त.

ताटाशी जोडी

वाईन एकटी पिण्यापेक्षा जेवणासोबत जास्त कळते. आपलं जेवण तिखट. तिखटावर तुरट, कडक लाल वाईन घेतली तर तोंडाची आग वाढते. ठेचा, मिसळ किंवा झणझणीत रस्सा असेल तर किंचित गोडसर, थंड चेनिन बरी. कोथिंबीर वडी, भजी, तळलेले मासे यांना आंबटसर सोव्हिनॉन लिंबासारखी साथ देते. शिराझला मटण किंवा दाण्याचं कूट घातलेलं भरलं वांगं द्या, पण तिखट बेतानं. मांस, तेल आणि मीठ यांनी तिचा तुरटपणा मवाळ होतो.

पांढरी वाईन ८ ते १० अंशांवर प्यावी. लाल वाईनही आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

बागेत उपयोग काय?

इथेच खरी कमाई आहे. सोव्हिनॉनला ढोबळीचा वास फार आला, तर तोडणी लवकर झाली असेल किंवा घड पानांच्या दाट सावलीत राहिले असतील. वाईन पाणचट लागली तर वेलीवर घड जास्त ठेवले होते का, ते तपासा. आंबटपणा नसेल, चव बसकी असेल, तर माल उन्हात जास्त दिवस राहिला असेल. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल तयार होतं, पण साखरेचं मीटर वास दाखवत नाही आणि तुरटपणाही दाखवत नाही.

माळकऱ्यांनी काय करावं?

पुष्कळ घरांत माळ आहे, वाईन उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यांनी नियम मोडण्याचं कारण नाही. तोडणीआधी बागेतले मणी चावून पाहा. बी हिरवं, कडू असेल तर थांबा. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटलं तर पक्वता आली. साल चावून तुरटपणा पाहा. जीभ तीच, परीक्षाही तीच.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाईन म्हणजे औषध नव्हे, ती दारूच आहे. दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केलं आहे. ७५० मिलीची बाटली म्हणजे पाच ग्लास, ती एका माणसाची नाही. गरोदर बाईनं, यकृताचा आजार असलेल्यानं आणि गाडी चालवणाऱ्यानं दूर राहावं. मधुमेह असेल किंवा नेहमीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात कोणी व्यसनातून सुटलेलं असेल तर बाटली आणूच नका. वयाचे आणि परवान्याचे नियम पाळा. चव कळायला एक घोट पुरतो, आणि व्यवसायानं चव पाहणारे तर तोही थुंकून टाकतात.

यंदा एक वही घाला. वाण, तोडणीची तारीख, ब्रिक्स आणि मणी चावल्यावर काय वाटलं, ते लिहा. वाईन तयार झाल्यावर वायनरीवाल्यांकडे आपल्या मालाचा नमुना चाखायला मागा, चार शेजारी मिळून मागा. तिथे काय वाटलं तेही त्याच पानावर लिहा. दोन-तीन हंगामांची अशी वही हाती असली, तर दराच्या बोलणीत आपल्या मालाची बाजू आपल्यालाच मांडता येईल.